टर्न कोव्हचा रस्ता मोकळा आहे

न्यूफाउंडलंडात सकाळी रेडिओ लावणाऱ्या कुणालाही कार्मेल नॅशचा आवाज ओळखता येतो. बातम्या संपल्या की लोकांचे फोन घेणारा कार्यक्रम लागतो. कुणी पेन्शनबद्दल कुरकुरतो, कुणाचा कुत्रा हरवलेला असतो, आणि मग एक कोरडा, खणखणीत आवाज येतो, "टर्न कोव्हहून कार्मेल बोलतेय. आमचा रस्ता." निवेदक बिचारा सुस्कारा टाकतो. तो सुस्कारासुद्धा सगळ्या बेटाला ऐकू जातो.

मी तिच्या शेजारी राहते. गावातलं एकुलतं एक दुकान माझं आहे, त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतं आणि काय जळतं हे मला न विचारता कळतं. कार्मेल अंगानं चिमुकली, डोक्याला कायम रुमाल, मासळीच्या कारखान्यात उभं आयुष्य कॉड सोलण्यात गेलं. कारखाना बंद पडला तेव्हा सुरी घरी घेऊन आली आणि धार जिभेला लावली असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला? गावातला प्रत्येक माणूस तिला मावशी म्हणतो, आणि आमच्यापैकी प्रत्येकाच्या वतीनं ती कधी ना कधी सरकारशी भांडलेली आहे.

तिचा नवरा लॉयोला. सगळे त्याला लॉय म्हणत. रस्तेखात्याची बर्फ हटवायची गाडी तो चालवायचा. तेव्हा आगार आमच्याच गावात होतं, चर्चच्या खाली पत्र्याची एक शेड. लॉयची गाडी लोखंडी पातं रस्त्यावर घासत पार माळापर्यंत जायची, परत यायची, आणि चर्चपाशी वळताना तो ते पातं दोनदा जमिनीवर आपटायचा. धाण, धाण. म्हणजे रस्ता मोकळा झाला. ते ऐकलं की लोक गाड्या काढायचे, पोरांची दप्तरं भरली जायची. खरं तर तो इशारा गावासाठी नव्हताच. तो कार्मेलसाठी होता, मी आलो, चहा टाक. मग ती मागच्या दारात येऊन पातेल्याच्या झाकणावर डाव आपटायची. एकदाच. ते ऐकल्याशिवाय हा बाबा इंजिन बंद करत नसे. माझी सासू म्हणायची, "एवढं शिस्तीचं लग्न मी दुसरं पाहिलं नाही. तोंडानं कधी बोलतात दोघं, देव जाणे."

आमच्याकडे हिवाळ्यात कधीकधी बर्फाऐवजी पाऊस पडतो, आणि जिथे पडतो तिथेच गोठतो. तारा, कुंपणं, झुडपांची काडी न् काडी, सगळ्यावर काच चढते. आम्ही म्हणतो, चांदी पडली. दिसायला इतकी देखणी की बघत राहावं, आणि दाराबाहेर पाय टाकला की कंबरडं मोडावं.

लॉय गेला तो अशाच एका सकाळी. कार्मेल घरी नव्हती. तिचा धाकटा भाऊ फॉन्स तिच्याकडेच राहतो. त्याची मूत्रपिंडं कामातून गेली होती, आणि त्याचं रक्त पहिल्यांदाच शहरातल्या यंत्रावर धुवायचं होतं म्हणून ती त्याच्यासोबत गेली होती. लॉयनं रस्ता साफ केला, चर्चपाशी वळला, पातं दोनदा आपटलं. थोड्या वेळानं पुन्हा आपटलं. मी दुकानात फळीवर डबे लावत होते. मनात म्हटलं, आज याला चहाची फारच तलफ आलेली दिसते. मग नुसतं इंजिन चालू राहिल्याचा आवाज येत राहिला. दुपारी कुणीतरी जाऊन पाहिलं. हात स्टिअरिंगवर, तोंड तिच्या मागच्या दाराकडे. डॉक्टर म्हणाले, हृदय.

लॉयच्या मागोमाग आगारही गेलं. खात्यानं शेडला कुलूप घातलं आणि माळावर एक पाटी ठोकली. माळाच्या मधोमध खोल ओढा आहे, त्यावर एकच गाडी मावेल असा पूल. पुलाच्या पलीकडे चढ संपतो तिथे ती पाटी. पाटीपलीकडचा रस्ता उत्तरेच्या आगाराचा, अलीकडचा दक्षिणेचा. दक्षिणेची गाडी म्हणे किनाऱ्यानं वळसा घालून आमच्याकडे येणार. तो किनारा हिवाळ्यात स्वतःच बंद असतो, हे नकाशा रंगवणाऱ्या शहाण्याला कोण सांगणार? कार्मेलनं सांगितलं. तेव्हापासून ती रोज सांगतेच आहे.

मी सांगतेय ती चांदी फेब्रुवारीत पडली. रविवारी संध्याकाळी सुरू झाली आणि सोमवारी उजाडेपर्यंत विजेचे खांब काडीसारखे मोडून पडले होते. गावात चुली पेटल्या. लोक हसतखेळत होते अजून. सोमवार हा फॉन्सचा यंत्राचा वार. आठवड्यातून तीनदा मीच दोघांना माझ्या व्हॅनमधून न्यायचे. त्या दिवशी दारातली पायरीसुद्धा उतरता येईना. "बुधवारी जाऊ," असं फॉन्स म्हणाला. तो कुणालाच कधी अडचण करत नाही.

मंगळवारी उजाडताना आवाज आला.

मी चुलीत लाकूड सारत होते. आधी टेकडीमागून घरघर, मग लोखंड काचेवर ओढल्यासारखी ती लांबलचक करकर, जी हिवाळ्यात ऐकली की आमच्या जिवात जीव येतो. करकर टेकडी उतरली, चर्चकडे गेली. धाण, धाण. शेजारच्या घरातून कुणीतरी आनंदानं ओरडलं. मी कोट अडकवला आणि बाहेर आले. सगळी गल्ली बाहेर आली होती, हातात फावडी, किल्ल्या.

रस्ता जसाच्या तसा होता. वरपासून खालपर्यंत अखंड काच, एक ओरखडासुद्धा नाही. चर्चच्या वळणावर सीगल बसला होता, तो घसरत होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग कुणी म्हणालं, किनाऱ्यावर बर्फ खडकांना घासतोय. कुणी म्हणालं, तारा तुटून पडल्या असतील. एवढ्या वर्षांनी आम्हाला तारेचा आणि पात्याचा आवाज वेगळा कळत नाही का? पण वाद कुणी घातला नाही. सगळे आत गेले आणि दारं लावून घेतली.

कार्मेल तेवढी मागच्या दारात उभी होती. हात ॲप्रनला पुसत होती, कोरडे हात. मी हाक मारली तर दचकली.

"मावशी, ऐकलंत?"

"मला काही ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "आत जा पोरी, गारठशील."

माळाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे माळावर जाताना खिशात पावाचा तुकडा ठेवतात. तिथे 'ती' माणसं असतात. नाव कुणी घेत नाही. ती चकवा लावतात, आणि चकवा लावताना तुम्हाला तेच ऐकवतात जे ऐकायला तुमचे कान आसुसलेले असतात. कुणाला फिडलवरची गत, कुणाला मेलेल्या आईची हाक. ऐकलं तर बिघडत नाही. उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं की माणूस त्यांचा झाला. हे मी पाळण्यात ऐकलं, माझ्या पोरांना सांगितलं, आणि शहरातून आलेल्या नर्सबाईंनी विचारलं तर आम्ही असलं काही मानत नाही.

नऊ वाजता कार्मेलनं फोन फिरवला. फोनच्या तारा अजून कशाबशा तगल्या होत्या. माझ्याकडे सेलवरचा रेडिओ होता, तो ऐकायला अर्धं गाव दुकानात जमलं. त्या दिवशी खात्याचे एक साहेबही कार्यक्रमात होते.

"टर्न कोव्हहून कार्मेल बोलतेय. आमचा रस्ता."

"बाई," साहेब म्हणाले, "टर्न कोव्हचा रस्ता मोकळा आहे."

दुकानात सगळे रेडिओकडे सरकले.

"काय म्हणालात?"

"त्या भागात आमची गाडी कालपासून काम करतेय. प्रत्यक्ष जागेवरून आमच्या चालकानं कळवलंय."

"साहेब, मी खिडकीतून बघतेय. या रस्त्यावर मांजर उभं राहत नाहीये. माझ्या भावाला उद्या यंत्रावर नाही घातलं तर त्याच्या अंगातलं पाणी त्याला बुडवील. तुम्ही या, मी तुम्हाला टेकडीवरून ढकलते, खाली पोचलात की सांगा मोकळा आहे का!"

"बाई, गाडी आहे तिथे. तुम्हाला तिचा आवाज येत असेल."

त्यावर कार्मेल काही बोलली नाही. सगळ्या बेटानं तिला पहिल्यांदाच गप्प झालेलं ऐकलं. मग कट्ट आवाज आला आणि फोनची तार गेली, गावातल्या सगळ्यांचीच.

आता मात्र दुकानात तोंडं सुटली. कर भरायला आम्ही मोकळे, मतं द्यायला मोकळे आणि रस्ताही मोकळा! कुणी म्हणालं, मंत्र्याला बूट न घालता इथे आणून सोडा. कुणी म्हणालं, पुढच्या निवडणुकीत मतपेटी त्या पाटीपाशीच ठेवू, या म्हणावं घ्यायला. आम्ही खूप हसलो. पण साहेबांचं ते शेवटचं वाक्य कुणी उच्चारलं नाही, आणि घरी जाताना बायकांनी माझ्याकडून पाव जरा जास्तच नेला.

बुधवारी सकाळी परत तेच. घरघर, करकर, धाण धाण. या वेळी कुणी बाहेर आलं नाही. थोडं थांबून पुन्हा धाण, धाण. हे दुसऱ्यांदा आपटणं मी पूर्वी एकदा ऐकलं होतं.

दुपारी फॉन्सला बघायला गेले. तो खुर्चीत बसून होता, कारण आडवं पडलं की जीव घुसमटत होता. पाय सुजून बुटात जात नव्हते. त्याला पाणी प्यायची बंदी, तहान लागली की बर्फाचा एक खडा चघळायची तेवढी परवानगी. सगळा मुलूख बर्फाखाली आणि हा माणूस वाटीत एक खडा घेऊन बसलेला. मला म्हणाला, "विनी, एवढी सोय कुणाच्या दारात असते का?" हसला, आणि हसता हसता त्याला धाप लागली. कार्मेलनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिचा चेहरा बघवत नव्हता. आईबाप गेले तेव्हा फॉन्स रांगत होता, त्याला तिनंच वाढवला.

हेलिकॉप्टर धुक्यात उडत नव्हतं. बोट खाडीतल्या बर्फात अडकली होती. गुरुवारी सकाळी कार्मेल माझ्या दारात आली. बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधलेले.

"गाडी काढ."

"मावशी, टेकडी..."

"टेकडीचं बघतील."

बघितलं त्यांनी. घराघरांतून चुलीतल्या राखेच्या बादल्या आल्या. मासळीच्या जुन्या गोदामातून खारवायचं जाडं मीठ आलं. माणसं गुडघ्यांवर रांगत टेकडीवर राख टाकत गेली, आणि त्या करड्या पट्ट्यावरून माझी व्हॅन साखळ्या बांधलेल्या चाकांनी इंच इंच वर चढली. वर पोचल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणीतरी खिडकीतून उरलेली राखेची बादली आणि कोळशाचं फावडं आत दिलं आणि छातीवर क्रूस काढला.

माळावर धुकं होतं. उजेड होता, पण तो कुठून येतोय ते कळत नव्हतं. दोन्ही बाजूंना काचेची झुडपं, वारा नसताना किणकिणत होती. मी गोगलगाईच्या चालीनं गाडी चालवत होते. फॉन्स मागे, उशांना टेकून. कार्मेल माझ्या शेजारी, खिशात हात. त्या खिशात पाव आहे हे मला माहीत होतं, माझ्याही खिशात होता.

आवाज समोरून आला. करकर. जवळ येत होता. आमच्याकडे बर्फाची गाडी समोरून आली की सगळे बाजूला घेतात, हे हाताला इतकं सवयीचं झालंय की मी काही विचार न करता गाडी कडेला घेतली. करकर वाढली. व्हॅनच्या काचा थरथरल्या. डिझेलचा वास आला, गरम, खरा वास. आवाज आमच्या अगदी खिडकीशेजारून गेला, आणि तिथे काही नव्हतं. धुकंसुद्धा हललं नाही. मागे वळून पाहिलं तर रस्त्यावर आमच्याच साखळ्यांच्या खुणा, बाकी काच.

"लॉय आहे," फॉन्स मागून म्हणाला. भ्यालेला नव्हता. आनंदला होता.

"गप्प बस," कार्मेल म्हणाली. "बोलू नकोस त्याच्याशी. बोलू नकोस!"

मी पुन्हा गिअर टाकला. कार्मेल समोर बघत म्हणाली, "तो गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यापासून ऐकतेय. आधी कधीतरी एखाद्या सकाळी, फक्त मला. कुणाला सांगू? तो आपटतो, थांबतो. परत आपटतो. मी मागच्या दारात उभी राहते, झाकण हातात घेऊन. वाजवत नाही. मग तो परत माळावर जातो." तिला रडू येत होतं आणि रागही. "मी तरी काय करू? तो लॉय असेल कशावरून?"

ओढ्याच्या उतारापाशी मी गाडी थांबवली. राख संपत आली होती, खाली पूल, पुलाखाली काळं पाणी. पण पलीकडच्या चढावर, धुक्यात, पिवळा दिवा फिरत होता. खरा दिवा. पाटीपाशी खात्याची गाडी उभी होती.

आम्ही इंजिन आणि हीटर चालू ठेवून फॉन्सला गाडीत बसवलं, आणि उरलेली राख पायांपुढे शिंपडत, एकमेकींना धरून पूल ओलांडला. चालक काच खाली करून सँडविच खात होता. हेडली नावाचा, पलीकडच्या खाडीतला, गुबगुबीत, भला माणूस. आम्हाला बघून त्याचा घास तोंडातच राहिला.

"अहो, तुम्ही चालत कुठून आलात? ती गाडी कुठाय?"

"कुठली गाडी?" मी म्हटलं. माझं डोकं सणकलं. "सोमवारपासून तू इथे बसून सँडविच खातोयस?"

"मग काय करू ताई? किनारा बंद म्हणून आगारानं मला गावापर्यंत जायला सांगितलंय, पण तुमच्या बाजूनं गाडी साफ करत येतेय. पूल एकेरी, वळण आंधळं. समोरची गाडी ऐकू येत असताना आत शिरायचं नाही, हा नियम आहे. मागे दोघं असेच भिडले आणि ओढ्यात गेले. मी वाट बघतो, तो जवळ येतो, येतो म्हणता परत फिरतो. रोज. मी आगाराला कळवलंय, त्या बाजूचं काम चालू आहे म्हणून."

मी कार्मेलकडे पाहिलं. ती पुलाकडे बघत होती. सरकार खोटं बोलत नव्हतं. इतकी वर्षं भांडून शेवटी सरकार खरं बोललं होतं, आणि रस्ता अडला होता तो तिच्या नवऱ्यामुळे. मेल्यावरही कामचुकारपणा न करणाऱ्या त्या माणसामुळे.

"आमच्या बाजूला गाडी नाही," मी म्हटलं. "आगार बंद होऊन वर्षं झाली. ये आत, माणूस मरतोय तिथे."

हेडली काही बोलणार तोच धुक्यातून, पुलाच्या पलीकडून, करकर सुरू झाली. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत मी एक वेडी बाई होते.

"हे काय मग?" तो म्हणाला. "ताई, मलाही बायकापोरं आहेत. मी त्याच्यासमोर जाणार नाही."

धाण, धाण.

पलीकडे माझ्या व्हॅनचे दिवे अंधुक दिसत होते. हॉर्न वाजला, अर्धवट, जसा माणूस पुढच्या सीटवर कोसळला की वाजतो. मग बंद झाला.

कार्मेलनं खिशातून पावाचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. "फॉन्सला देऊ नकोस," ती म्हणाली, "त्यात मीठ असतं." मी तिचा दंड धरला. मला माहीत होतं ती काय करणार. "मावशी, उत्तर देऊ नका," मी म्हणाले, "पाया पडते तुमच्या." तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली, अगदी मायेनं. माझ्या हातातली राखेची बादली घेतली, फावडं घेतलं, आणि पुलाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. एवढीशी बाई, रुमाल बांधलेली.

तिनं फावडं बादलीवर आपटलं. एकदाच.

"चहा झालाय, लॉय," ती म्हणाली. ओरडली नाही, घरात बोलतात तसं बोलली. "रस्ता झाला बरं. छान झाला. उशीर झाला मला, माझं चुकलं. आता ये घरी."

करकर थांबली. इंजिन घरघरत होतं, अगदी जवळ. मग साखळी ओढल्याचा, पातं वर उचलल्याचा तो आवाज, आणि घरघर वळली, गावाकडे निघाली, लांब गेली, संपली. हेडलीनं टोपी काढली होती, का ते त्यालाही माहीत नसावं. झुडपांवरून काचेचे तुकडे गळायला लागले, टप, टप.

"गेला?" त्यानं विचारलं.

"गेला," कार्मेल म्हणाली. "तू चल आता."

हेडलीनं पातं खाली टाकलं आणि पाटी ओलांडली. मीठ टाकत पूल पार केला, माझी व्हॅन मागे बांधून चढावर ओढून आणली. त्यानं वायरलेसवरून बोलावलेली रुग्णवाहिका तोवर पाटीपर्यंत आली होती. फॉन्सचे ओठ निळे पडले होते, पण त्यानं बहिणीचा हात दाबला. संध्याकाळपर्यंत तो यंत्रावर होता. शनिवारी त्यानं नर्सकडे पावाच्या पिठाच्या तळलेल्या चकत्या आणि काकवी मागितली आणि बोलणी खाल्ली, तेव्हा मी समजले, हा वाचला.

त्याच दिवशी खात्याच्या साहेबांनी रेडिओवर सांगितलं की टर्न कोव्हचा रस्ता सोमवारपासूनच मोकळा होता. निवेदक म्हणाला, "कार्मेल, ऐकताय का?" फोन तोवर दुरुस्त झाले होते. कुणी फोन केला नाही.

त्यानंतर कार्मेल बदलली असं मी म्हणणार नाही. जीभ तशीच आहे. फक्त तिच्या स्वयंपाकघरात चुलीजवळची एक खुर्ची आहे, तिच्यावर कुणाला बसू देत नाही, फॉन्सलासुद्धा नाही. मी एकदा नकळत बसायला गेले तर म्हणाली, "तिथे नको गं, ओली आहे." मी हात लावून पाहिला. ओली होती. खाली फरशीवर बुटांतून वितळतं तेवढं पाणी साचलं होतं, आणि टेबलावर दोन कप होते, दोन्हींतून वाफ येत होती. मी लगेच दुकानाचं निमित्त काढून निघाले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लग्नाच्या फोटोत दिसते तशी दिसत होती.

यंदा जानेवारीत पुन्हा चांदी पडली. उजाडताना सगळं गाव दारात येऊन कान देत उभं होतं. काही नाही. ना घरघर, ना करकर. इतकं शांत की शेजाऱ्याचा श्वास ऐकू यावा. मला एकदम पोरकं वाटलं. पूर्वी निदान आवाज तरी यायचा.

नऊ वाजता दुकानात रेडिओ लावला. तेच साहेब होते. तारा तगल्या होत्या.

"टर्न कोव्हहून कार्मेल बोलतेय. आमचा रस्ता."

"बाई, तुमच्या भागात आमची गाडी..."

"नाही," ती म्हणाली. मागे कुठेतरी कपात चमचा फिरत होता. "आता नाही. तो माणूस माझ्या घरी चहा पीत बसलाय. त्यानं पुष्कळ केलं. आता तुम्ही या."